चकमकीच्या बंदुकीत काय भरावं: काळी दारू की पायरोडेक्स?

चकमकीची बंदूक म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी जुनी बंदूक. तिच्यासाठी धूरविरहित दारू आधीच बाजूला ठेवा. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने तयार केली तेव्हापासून ती पोलादी नळ्यांची दारू आहे. तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या जुन्या नळीत ती घातली तर दाबाने नळी फाटू शकते, काळ्या दारूत थोडी मिसळली तरीही. खरी निवड काळी दारू (सोरा, गंधक आणि कोळशाची जुनी बंदुकीची दारू) आणि १९७०च्या दशकात अमेरिकेत आलेला तिचा पर्याय, पायरोडेक्स, यांतली.

पायरोडेक्स अमेरिकेत दुकानात सहज मिळते, कारण काळ्या दारूसारखे स्फोटकांच्या वाहतुकीचे कडक नियम तिला लागत नाहीत. ती हलकी असते, म्हणून मापाने भरायची, वजनाने नाही. काळ्या दारूच्या ७० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) मापात ती भरते जेमतेम ५० ग्रेन. तराजूवर ७० तोलली तर भार जास्त होतो. टोपीच्या बंदुकीत, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीने बार उडवणाऱ्या बंदुकीत, ती छान चालते.

चकमकीत मात्र अडते. काळ्या दारूपेक्षा तिला पेटायला बरीच जास्त उष्णता लागते. रंजक (बाहेरच्या पात्रातली पेटवणीची दारू) भडकते, कानातून (नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून) आग आत जाते आणि आतली दारू क्षणभर थांबते. तेवढ्यात नेम हलतो. त्याहून वाईट म्हणजे बार फुसका गेला असं समजून नळी खाली घ्यावी आणि तेव्हाच तो उडावा. म्हणून नळी किमान मिनिटभर लक्ष्याकडेच ठेवावी लागते. तळाशी ५-१० ग्रेन काळी दारू घालण्याचा तोडगा काही जण करतात. पण रंजकीलाही काळीच लागते, मग दोन डबे बाळगायचे कशाला? माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

काळ्या दारूचा खरा त्रास काजळीचा. जळल्यावर तिचं निम्म्याहून अधिक वजन घन रूपात उरतं. हवा कोरडी असली तर चौथ्या-पाचव्या बाराला गोळी गजाने ढकलूनही अर्ध्यावर अडते, आणि तशीच उडवली तर नळी फुगते. प्रत्येक बारानंतर किंचित ओली चिंधी फिरवली की हे टळतं. खनिज तेल लावू नका. काजळी डांबरासारखी चिकटते. स्विस या नावाने मिळणाऱ्या काळ्या दारूची काजळी मला मऊ वाटते. तिच्यात बकथॉर्न या झुडपाचा कोळसा वापरतात.

धुणं दोघींनाही त्याच दिवशी, गरम पाण्याने. पायरोडेक्सच्या राखेत क्लोराइड असतं, त्यामुळे नुसतं तेल पुसून ठेवलेली नळी आतून गंजत राहते.

टोपीची बंदूक असेल आणि काळी दारू मिळत नसेल, तर पायरोडेक्स घ्यायला हरकत नाही. चकमकीसाठी मी स्विस तीन-एफ (एफ जितके जास्त तितके दाणे बारीक) घेईन. तिचे दाणे इतके बारीक असतात की त्याच शिंगातून (दारू ठेवायच्या शिंगाच्या डब्यातून) रंजकही भरता येते.