बोन्सायचं खोड जाड करायचंय: रोप जमिनीत लावावं की टोपलीत?

नांद्रुकाचं पेन्सिलएवढं रोप उथळ बोन्साय ट्रेमध्ये ठेवून मनगटाएवढं होत नाही. खोडाला जाडी येते ती वरच्या पानांनी केलेल्या अन्नातून. मुळं कोंडली आणि शेंडा सारखा खुडला, की जाडी तिथेच अडते. तेव्हा आधी खोड, मग ट्रे. खोड वाढवायचं कुठे, हाच काय तो प्रश्न.

वेगात जमिनीला तोड नाही. मुळं मोकळी पसरतात, ओल टिकते, एक दिवस पाणी चुकलं तरी रोप तग धरतं. पण नुसतं लावून विसरलात तर तीन-चार पावसाळ्यांनी हाती येतो सरळसोट दांडका, खाली एक-दोन जाड मुळं. म्हणून लावतानाच सोटमूळ छाटा, 20-25 सेंमी फरशीच्या तुकड्यावर उरलेली मुळं चहूबाजूंनी पसरा आणि वर 5-6 सेंमी माती घाला. खोडाला वळण हवं असेल तर तार तेव्हाच गुंडाळा. अंगठ्याएवढं झालं की ते वाकत नाही. दर जूनमध्ये खोडापासून 15-20 सेंमीवर फावडं मारून मुळं तोडा, एका वर्षी अर्धा घेर, पुढच्या वर्षी उरलेला. हे टाळलं तर काढताना हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात, बारीक मुळंच नसतात आणि झाड दगावतं.

काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. तिथे 30 सेंमी उंच वाफा करून मुरूम आणि शेणखत मिसळा. वाळवी असेल तर निंबोळी पेंडही घाला. वड-पिंपळ भिंतीजवळ किंवा टाकीजवळ अजिबात नको.

जाळीदार प्लॅस्टिकच्या टोपलीत मुळांची टोकं भोकापाशी हवेत सुकतात आणि मागून बारीक फुटवे येतात. मुळांचा विस्तार सुंदर होतो, जाडी मात्र सावकाश. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागतं, त्यामुळे गावाला जाणाऱ्यांनी विचार करावा. कापडी ग्रो बॅग जरा कमी सुकते, गच्चीसाठी तीच बरी. साधी मोठी कुंडी? चालते, पण मुळं कडेने गोल फिरतात.

झाड 20 सेंमीच्या आतलं हवं असेल तर जमिनीच्या भानगडीत पडू नका, टोपली पुरे. त्याहून मोठं हवं, जागा स्वतःची आहे आणि दर जूनला फावडं उचलायची तयारी आहे, तर जमीनच.

छाटणीचा हिशेब दोन्हीकडे सारखा. झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट धरतात. बुंधा 6 सेंमी झाला की खोड 12 सेंमीवर, म्हणजे 36 सेंमी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यावर कापा, एकच जोमदार फुटवा शेंडा म्हणून वाढवा, कापावर सीलर (काप झाकणारा लेप) लावा. बाकीचे फुटवे वेळीच काढा. एकाच जागी चार-पाच राहिले तर तिथे गाठ फुगते आणि खोड वर जाड, खाली बारीक दिसतं. बोगनवेलीत हे हमखास होतं.