श्रवणयंत्र केंद्र: तपासणी उत्तम, विक्रीच्या टेबलावर मात्र सावध राहावे

वडिलांच्या श्रवणयंत्रासाठी आम्ही पुण्यातील एका केंद्रात गेलो होतो. तेथील तपासणी मला मनापासून आवडली, विक्रीची पद्धत मात्र खटकली.

एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या वडिलांना आपल्याला कमी ऐकू येते हे मान्यच नव्हते. घरातलेच पुटपुटतात, असे त्यांचे ठाम म्हणणे. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कानाचा विषय लगेच काढला नाही. ‘काका, तुमच्या हाताखाली किती पोरं तयार झाली?’ असे विचारून त्यांनी वडिलांना निवांत बोलू दिले आणि त्यानंतरच त्यांना आवाजबंद खोलीत नेले. मग ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, बोट ठेवून, वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज कसे कमी होतात आणि त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे का निसटतात, हे त्यांनी समजावले, तेव्हा वडिलांनी वाद न घालता उलट प्रश्न विचारले.

मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेला आत्मपुष्टीचा सिद्धांत हाच आहे: आपली किंमत दुसऱ्या एखाद्या बाबतीत शाबूत आहे याची खात्री असली, की नकोशी माहितीही माणूस ऐकून घेतो. पुढे कॉफी पिणाऱ्या स्त्रियांना कॉफीचा आजाराशी संबंध जोडणारा मजकूर वाचायला दिला, तेव्हा आधी स्वतःच्या महत्त्वाच्या मूल्याविषयी लिहिलेल्यांनी तो अधिक मोकळेपणाने स्वीकारला.

विक्रीच्या टेबलावर हेच उलटे झाले. ‘तुमच्यासारख्या जाणकाराला साधं मशीन कशाला दाखवू?’ असे म्हणत विक्रेत्याने सर्वांत महागडे यंत्र पुढे केले आणि वडील किंमत न विचारताच होकार देऊ लागले. पाब्लो ब्रिन्योल, रिचर्ड पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की संदेशात दुखावणारे काही नसेल आणि आत्मपुष्टी त्याच्या आधी झाली, तर माणूस त्यातील मुद्दे कमी बारकाईने तपासतो. यंत्राची शिफारस अशीच होती. तिथे गरज होती ती चिकित्सेची, स्तुतीची नव्हे, आणि म्हणून ही पद्धत मला अन्यायाची वाटते, विशेषतः वृद्ध ग्राहकांच्या बाबतीत.

तपासणीसाठी येथे जरूर जावे. यंत्र घेताना मात्र किंमत लेखी मागावी, आणि टीव्ही, कुकरची शिट्टी, नातवंडांचा गोंगाट यांत ते कसे चालते हे घरी वापरून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.