पतसंस्थेचं फुकटचं कॅलेंडर, वर्षभर वापरून मग लिहितोय

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार कागदासाठी कापलाय, ते खाली येईलच. आणि आधीच सांगून ठेवतो, मी बाई आहे पण कोल्हापूरची, त्यामुळं आलो-गेलो-करतो असंच लिहिणार, उगाच व्याकरण काढत बसू नका.

तर वस्तू म्हणजे आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेनं सभासदांना वाटलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. किंमत शून्य. वरच्या अर्ध्या पानावर चेअरमन हात जोडून उभे, त्याखाली ठेवींचे व्याजदर, आणि उरल्या जागेत बिचारा महिना. मंगळवार पेठेत कुणाच्याही घरात जावा, असली दोन-तीन तरी लटकलेली दिसतील. असल्याचा कोण रिव्ह्यू लिहितं व्हय, असं नवरा म्हणाला. पण माझा वर्षभराचा व्यायाम ह्यानं टिकवलाय, पैसे भरून घेतलेल्या ॲपनं नाही, मग लिहायला नको?

त्या ॲपचं नाव घेत नाही. १ जानेवारीला दणक्यात सुरू केलं होतं, पहाटे पाचला रंकाळ्याला चालायला जायचं, आल्यावर १२ सूर्यनमस्कार, वर १० मिनिटं प्राणायाम. ॲप रोज एक ज्वाळा दाखवायचं आणि आकडा वाढवायचं, १७, १८, १९, मग गडहिंग्लजला मामेबहिणीचं लग्न आलं, दोन दिवस काहीच झालं नाही, आणि परत आल्यावर उघडलं तर आकडा शून्य. १९ दिवस केलेलं कुठं गेलं? मला इतका राग आला की ॲपच काढून टाकलं, आणि त्याबरोबर व्यायाम पण गेला. दरवर्षी हेच होतं, फक्त ह्या वर्षी पैसे पण गेले.

कॅलेंडर तेव्हा स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला खिळ्याला होतंच, पण ते सासूबाईंचं. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. त्या त्याच्यावर दुधाचा हिशोब लिहितात, रोजच्या चौकटीत एक, दीड, जेवढं घेतलं तेवढं, आणि नाही घेतलं त्या दिवशी 'खाडा'. रथसप्तमीला सकाळी आत्ती अंगणात गोवरीवर दूध उतू घालवत होत्या आणि मी शेजारी उभा राहून माझं रडगाणं सांगत होतो, की आता खंड पडला, आता परत पहिल्यापासनं कोण करणार. त्यांनी दुधावरची नजर पण काढली नाही, म्हणाल्या, "एक दिवस खाडा झाला म्हणून रतीब बंद करतीस व्हय गं?"

झालं. त्या दिवसापासनं मी माझा रतीब लावला. एक सूर्यनमस्कार. एकच. सकाळी चहाचं आधण ठेवलं की गॅससमोरच्या मोकळ्या जागेत एक घालायचा, पाणी उकळायच्या आत होतो, कपडे बदलायला नकोत, चटई नको, पाचला उठायला नको. मग दुधाच्या आकड्याखाली 'सू १'. नाही झाला तर 'खाडा', लपवायचं नाही. (गोकुळ शिरगावला फौंड्रीत अकाउंट्सला आहे मी, खोटी एंट्री केली की रात्री झोप येत नाही. तरी दोनदा केलीय. रात्री अकराला जिन्यात घातलेला नमस्कार तो मोजायचा का नाही सांगा.)

ते २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना, मी पण तेच धरून बसलो होतो. मूळ गोष्ट अशी की १९६० च्या सुमाराला एका अमेरिकन प्लास्टिक सर्जननं लिहिलं, पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. आता नाक बदलणं आणि पहाटे उठणं सारखंच आहे का? पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सोबतच्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तर एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. जेवताना पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर विशेष काही बिघडत नाही, हे पण त्यातच आहे. म्हणजे आत्तींचंच म्हणणं, फक्त इंग्रजीत.

मला मे उजाडला. एका सकाळी चहा गाळून झाल्यावर लक्षात आलं की नमस्कार कधी घातला आठवतच नाही, पण घातला होता. गुढीपाडव्याला एकाचे तीन केले होते, पावसाळ्यात सहा, कारण जुलैत रंकाळ्याला चालायला जायचा विषयच नसतो आणि घरात बसून करणार तरी काय. आता सहावरच आहे, रविवारी १२. रंकाळ्याला मी अजून पहाटे जात नाही, संध्याकाळी जातो आणि भेळ खाऊन येतो, ते वेगळं.

आता तक्रारी. कागद एवढा गुळगुळीत की बॉलपेन घसरतं, 'सू' लिहिताना अर्धा उमटतच नाही, शेवटी मुलाच्या कंपासमधलं मार्कर लागलं. चौकटी बारीक, त्यातच तिथी, संकष्टी, चंद्रोदय, वर दुधाचा आकडा, मला कोपरा मिळतो. सुट्टीच्या लाल तारखेवर लाल पेन दिसत नाही. पावसाळ्यात पानं गुंडाळली गेली आणि वरची पत्र्याची पट्टी ऑगस्टात निघाली, ती मी टाचणीनं धरलीय. पण चेअरमन साहेबांना एवढी जागा कशाला हा प्रश्न सगळ्यात मोठा, त्यांचा फोटो अर्धा केला तर माझा प्राणायाम पण बसेल.

वापरायचं असेल तर दोन गोष्टी. पेन दोऱ्यानं खिळ्यालाच बांधा, नाहीतर पेन शोधण्यात लिहायचं राहतं. आणि महिना संपला की पान फाडू नका, मागं उलटा. गणपतीत माझे सलग पाच खाडे पडले तेव्हा मागची पानं उलटून बघितली आणि सहाव्या दिवशी गुपचूप आधण ठेवलं. रथसप्तमीपासून आजपर्यंत एकूण ४१ खाडे, काल मोजले. आत्तींच्या दुधाचे ९, पण त्यांची तुलना माझ्याशी करू नका.

पुढच्या वर्षाचं आणायला काल पतसंस्थेत गेलो तर वाटून संपली म्हणाले, साडीच्या दुकानाचं मिळालंय पण त्यात चौकटच नाही, नुसत्या तारखा एका ओळीत. कुणाकडं साध्या कागदाचं, मोठ्या चौकटीचं जास्तीचं पडलं असेल तर सांगा, मंगळवार पेठेतनं येऊन घेऊन जातो.