‘ओरिजिनल कोन’च्या नावाखाली गेलेले चार स्पीकर

जुन्या स्पीकर कॅबिनेटची दुरुस्ती मूळ भागांनिशी करावी की सरळ नवे स्पीकर बसवून मोकळे व्हावे, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी एवढे आधी ध्यानात घ्यावे, की ‘मूळ भाग मिळवून देतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती पहिल्यांदा जातात ते आपलेच मूळ भाग. आमच्या काकांच्या ऑर्केस्ट्राच्या कॅबिनेटबाबत सोलापुरात नेमके हेच घडले. इतर कलाकारांना आणि साउंडवाल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

कॅबिनेट मार्शल या ब्रिटिश ॲम्प्लिफायर कंपनीचे, १९६० या मॉडेलचे, चार बारा-इंची स्पीकरांचे. (१९६० हा मॉडेलचा क्रमांक आहे, सन नव्हे. ती कंपनीच १९६२ मध्ये सुरू झाली. तरीही ‘सन साठचा माल’ म्हणून ते खपवणारे महाभाग भेटतात.) काकांनी ते मुंबईतील एका मोडलेल्या बँडकडून घेतले होते आणि लग्ने, गणेशोत्सव, गड्ड्याच्या यात्रेतील कार्यक्रम अशा सर्व ठिकाणी ते वर्षानुवर्षे वाजले. आत सेलेस्टियन या ब्रिटिश स्पीकर कंपनीचे जी१२एम स्पीकर होते. प्रत्येकी पंचवीस वॅट, सोळा ओहम (ओहम हे विद्युत रोधाचे माप), मागे हिरवे प्लॅस्टिकचे झाकण; या झाकणामुळेच त्यांना जगभर ‘ग्रीनबॅक’ म्हणतात. अशा जुन्या स्पीकरांना संग्राहकांकडून त्याच नावाच्या नव्या मालापेक्षा कितीतरी अधिक किंमत येते, आणि पुढच्या सगळ्या प्रकाराचे मूळ तेथेच आहे.

बिघाड असा होता, की चारांपैकी दोन स्पीकर अचानक मुके झाले. ज्या कारागिराकडे कॅबिनेट नेले त्याने मागची फळी काढून बोटाने कोन, म्हणजे स्पीकरचे हलणारे कागदी पडदे, दाबून पाहिले आणि निदान सांगितले, “मालक, दोन कोन मेलेत अन् उरलेले दोन कमजोर झालेत. लोकल पेपर टाकला तर आवाज जाईल. मी इंग्लंडचा ओरिजिनल कोन मागवून चारही भरून देतो.” रोध मोजणारा मल्टिमीटर त्याच्या टेबलावरच पडला होता, पण त्याने तो हातात घेतला नाही.

ही जोडणी समजून घेतली तर त्या निदानातील लबाडी लगेच दिसते. या कॅबिनेटमध्ये सोळा ओहमचे दोन-दोन स्पीकर एकापुढे एक जोडून दोन जोड्या केलेल्या असतात आणि त्या दोन जोड्या समांतर लावलेल्या असतात, म्हणून चारांचा मिळून भारही पुन्हा सोळा ओहमच राहतो. अशा जोडणीत एका स्पीकरची कॉइल (कोन हलवणारे तारेचे वेटोळे) तुटली, किंवा नुसता एक डाख सुटला, तरी त्याच्या जोडीचा धडधाकट स्पीकरही बंद पडतो. म्हणजे दोन स्पीकर मुके झाले याचा अर्थ दोन खराब झाले असा होत नाही. बहुतेक वेळा एकच दोषी असतो. प्रत्येक स्पीकर सुटा करून त्याच्या टोकांना मीटर लावले की काही क्षणांत निर्णय होतो: चांगला सोळा ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण बारा-तेरा ओहम दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, तुटलेली कॉइल काहीच दाखवत नाही.

आता ‘ओरिजिनल कोन’ या शब्दांविषयी. स्पीकरचा कागदी कोन, त्याला चिकटलेली व्हॉइस कॉइल आणि तिला मध्यभागी धरून ठेवणारी जाळीदार चकती हे सारे सरसाने सांगाड्याला जोडलेले असते. कोन बदलायचा म्हणजे हे सगळे कापून काढायचे. काढलेला कोन पुन्हा दुसरीकडे बसवण्याजोगा राहत नाही. नवा कोन घातलेल्या जुन्या स्पीकरमध्ये मूळचे उरतात ते सांगाडा आणि चुंबक. आवाजाचा मोठा भाग मात्र कोन ठरवतो. त्यामुळे माझ्या मते येथे क्रम असा असावा: कोन फाटलेला नसेल तर त्याला हात लावू नये, बारीक चीर असेल तर पातळ कागद आणि सरस लावून ती बुजवावी, आणि कॉइल खरोखर जळाली असेल तरच त्या एका स्पीकरचा कोन बदलावा किंवा नवा स्पीकर घेऊन जुना जपून ठेवावा. रेक्झिन, जाळीचे कापड, चाके, कोपरे यांबाबत मूळ भागांचा अट्टाहास मला व्यर्थ वाटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात रेक्झिनचा सरस सुकून ते सुटतेच. ते पुन्हा चिकटवावे, नाहीतर बाजारातले लावावे, आवाजाला त्याचे सोयरसुतक नसते.

कॅबिनेट परत आले तेव्हा ते देखणे दिसत होते. मागून पाहिले तर चार हिरवी झाकणे, त्यांवर जुनी लेबले, सर्व जागच्या जागी. आवाज मात्र कोरडा आणि चिरका होता. कारागीर म्हणाला, “नवा कोन हाय मालक, वाजून वाजून मोकळा होईल.” यात अर्धे सत्य असते, कारण नवा कोन वापराने थोडा सैल होतोच. पण घरी आणून केबलच्या टोकाला मीटर लावला तेव्हा साडेसहा ओहम दिसले. सोळा ओहमच्या कॅबिनेटने बाराच्या वर दाखवायला हवे होते; साडेसहा म्हणजे आत आठ ओहमचे स्पीकर बसलेले आहेत. मागची फळी काढून एका झाकणाच्या कडेवर नख फिरवले, तर खालून पिवळ्या गमाचा ओघळ निघाला. मूळ झाकण चुंबकावर नुसते दाबून बसवलेले असते, त्याला गम लागत नाही. झाकण उचकटल्यावर आत नाव-गाव नसलेले चुंबक होते. आमच्या स्पीकरांवरची झाकणे काढून ती साध्या स्पीकरांवर चिकटवली होती, एवढाच तो ‘इंग्लंडचा कोन’.

सेलेस्टियनच्या त्या काळातील स्पीकरांवर दिनांकाचा शिक्का असतो: दिवस अंकांत, महिना आणि वर्ष अक्षरांत. लेबल असलेले झाकण हलवता येते, पण सांगाड्यावरचा शिक्का हलवता येत नाही. सुदैवाने ऑर्केस्ट्रातील गिटारवादकाने पूर्वी एकदा वायर जोडताना मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवले होते आणि त्यांत दोन स्पीकरांचे शिक्के स्पष्ट वाचता येतात. ते फोटो समोर ठेवल्यावर “जुना माल भंगारात गेला” असे उत्तर मिळाले. मजुरीचे पैसे त्याने मुकाट्याने परत केले, आणि भंगारात गेलेल्या मालासाठी एवढी तत्परता कोणी दाखवत नाही.

दुरुस्तीला देताना म्हणून पावतीवर ‘एक बॉक्स’ असे न लिहिता स्पीकरांची संख्या, ओहम आणि प्रत्येकाचा शिक्का लिहून घ्यावा, काढलेला प्रत्येक भाग, जळका असला तरी, परत करण्याची अट घालावी, आणि ताब्यात घेताना दुकानातच मीटर लावून आकडा पाहावा. कारागीर प्रामाणिक असेल तर त्याला याचा राग येत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला हे कॅबिनेट जोडणाऱ्यांनी तर आकडा पाहिल्याशिवाय वाजवूच नये, कारण ॲम्प्लिफायरच्या मागचा ओहम निवडण्याचा खटका सोळावर आणि भार आठचा अशी विजोड जोडणी झाली की ताण व्हॉल्व्हवर येतो.

परत केलेले पैसे ही फक्त मजुरी होती. स्पीकरांसाठी आम्ही लेखी नोटीस पाठवली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते. दुरुस्तीसाठी सोपवलेली वस्तू परस्पर लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हाही ठरू शकतो. नोटिशीला शिक्क्यांचे फोटो, पावती आणि मीटरवरील आकड्याचा फोटो जोडला आहे. तूर्त ॲम्प्लिफायरचा तो खटका आठवर फिरवून कार्यक्रम चालू ठेवले आहेत.