ग्रीक देव व्हिलन करायचाय, तर पॅन घ्यायचा का डायोनिसस?

फॅन्टसी कादंबरी लिहिताय किंवा मित्रांना घेऊन रोलप्लेइंग गेमचं कॅम्पेन (म्हणजे अनेक सेशन, बैठका, चालणारी एक लांब गोष्ट) चालवताय आणि व्हिलन म्हणून रानावनातला एखादा जुना ग्रीक देव पाहिजे, तर फिरून फिरून दोनच नावं समोर येतात, बोकडाच्या पायांचा पॅन आणि दारूचा, उन्मादाचा देव डायोनिसस. झ्यूस आणि हेडीजचा वापरून वापरून पार चोथा झालाय. मी दोघांनाही व्हिलन करून बघितलंय, पॅनला तर दोनदा, आणि पहिल्या वेळी सपशेल माती खाल्ली.

झालं काय, शिंगं आहेत खूर आहेत म्हटल्यावर मी त्याला सरळ सैतान करून टाकला, लाल डोळे, सिंहासन, राक्षसांची फौज, वर लांबलचक भाषण. दुसऱ्याच सेशनला पोरं मोबाईल बघायला लागली. खरा पॅन असा नाहीच मुळी. तो अर्काडियाचा, म्हणजे पेलोपोनीजच्या मधल्या डोंगराळ भागातला, मेंढपाळांचा देव, मोठ्या देवळांपेक्षा गुहेत जास्त पुजलेला. (काही भाषाशास्त्रज्ञ त्याचं नाव वेदातल्या पूषनशी जोडतात, त्याच्याही रथाला बकरे असतात, पण हे सगळ्यांना पटलेलं नाही.) जन्मला तोच दाढी-शिंगांसकट, दाई बघून पळून गेली, मग बाप हर्मिसने सशाच्या कातड्यात गुंडाळून देवांच्या ऑलिंपस डोंगरावर नेला तर सगळे देव खूश, आणि सगळ्यात जास्त खूश कोण तर डायोनिसस. म्हणजे दोघांची ओळख जुनीच आहे.

पॅनची खरी भीती फौजेत नाही, नियमात आहे. ग्रीक कवी थिओक्रिटसच्या कवितेत एक शेळ्या राखणारा म्हणतो की भर दुपारी आम्ही पावा वाजवत नाही, पॅन शिकारीहून दमून झोपलेला असतो आणि त्याचा राग वाईट. आपल्याकडे बारा वाजता विहिरीवर जाऊ नको म्हणतात ना, त्याच जातीची भीती. पॅनिक हा शब्दही त्याच्याच नावावरून आलाय. इ.स.पू. 279 मध्ये गॉल लोक डेल्फीवर चालून गेले आणि मागे हटताना रात्री त्यांच्या छावणीत अशी काही घबराट झाली की शेजारचा माणूस ग्रीकच बोलतोय असं एकेकाला वाटायला लागलं आणि ते आपापसातच कापाकापी करत बसले, असं ग्रीक प्रवासलेखक पॉसेनियस सांगतो. आता हे जसंच्या तसं गेममध्ये उचला. पार्टीतल्या (खेळाडूंच्या टोळीतल्या) दोघांना अचानक बाकीच्यांची भाषा कळेनाशी होते, बस, वेगळा राक्षस लागत नाही.

राग कशाचा, हेही तयार मिळतं. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या लढाईआधी अथेन्सचा निरोप्या स्पार्टाकडे धावत निघाला होता, त्याला तेगेआच्या वरच्या डोंगरात पॅन भेटला आणि तक्रार केली की मी तुमचं भलं करतो तरी तुम्ही मला विचारत नाही. पुढे अथेन्सवाल्यांनी अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी त्याचं ठाणं केलं. समजा केलं नसतं तर? तोच तुमचा प्लॉट.

हल्ली त्याला पर्यावरणाचा सूड घेणारा करायची फॅशन आहे, तो मला पर्सनली पटत नाही. बोकडाच्या पायांचा, शेळ्या राखणाऱ्यांचा देव झाडं वाचवायला निघालाय म्हणजे गंमतच, शेळ्या काय काय खातात ते कुठल्याही धनगराला विचारा. आणि तो गोड पावेवाला म्हातारापण करू नका. सिरिंक्सची, म्हणजे त्याच्यापासून पळताना वेळू झालेल्या अप्सरेची, गोष्ट सगळ्यांना माहिती असते, पण ग्रीक लेखक लाँगसच्या कथेत एको नावाची गाणारी मुलगी नाही म्हणाली म्हणून तो मेंढपाळांना वेड लावतो आणि ते तिचे तुकडे तुकडे करतात, तरी जमिनीत पुरलेले तुकडे गातच राहतात. हे वाचल्यावर त्याच्यावर माया येत नाही.

डायोनिससचं तंत्र वेगळं. त्याला चेहरा आहे, तो बोलतो, माणसं आपणहून त्याच्या मागे जातात. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात, इ.स.पू. 405 च्या सुमाराचं, राजा पेंथियस त्याला देव मानत नाही, तर हा त्याच्याशी लढत नाही, नुसतं विचारतो, डोंगरावर बायका काय करतात ते बघायचंय का? राजा बायकी कपडे घालून जातो आणि त्याची स्वतःची आई त्याला सिंह समजून फाडते. ज्यांना संवाद लिहायला आवडतात त्यांनी डोळे झाकून हाच घ्यावा. अडचण एवढीच की खेळाडू त्याच्याशी वाटाघाटी करत बसतात, निम्म्यांना तर तो आवडायलाच लागतो, आणि दारू-नशेचे सीन किती रंगवायचे हे टेबलावर आधी बोलून घ्यावं लागतं.

हरवायचा कसा म्हणाल तर पॅन सोपा आहे, शिकारीचं मटण कमी मिळालं की अर्काडियातली पोरं त्याच्या मूर्तीला रानकांद्याने झोडपायची. आणि मरणाची बातमी तर ग्रीक लेखक प्लुटार्कने देऊनच ठेवलीय. रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात पॅक्सी बेटाजवळून जहाज चाललेलं, किनाऱ्यावरून थामुस नावाच्या सुकाणूवाल्याला हाक आली की पुढे जाऊन सांग, महान पॅन मेला. त्याने सांगितलं आणि कोणी दिसत नसताना किनाऱ्यावरून खूप जणांचा आक्रोश ऐकू आला.

माझं दुसरं कॅम्पेन मी इथूनच सुरू केलं. पाचव्या सेशनपर्यंत सगळे धरून चालले होते की देव मेलाय, मग भर दुपारी पावा वाजला आणि टेबलावर कोणी काही बोलेना. डायोनिससच्या वेळी असं कोणी गप्प झालं नव्हतं, पण तो खेळ नऊ महिने चालला आणि पॅनचा सहा सेशनमध्ये आटोपला, त्यामुळे तुमच्याकडे किती रविवार आहेत ते आधी मोजा.