सहाव्या वर्षाची दाढ: सीलंट लावायचं की फ्लोराइड वार्निश?

मूल साधारण सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ वर येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत तिला दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून किडली तरी सोडून देतात. ती पडत नाही, आयुष्यभराची असते.

या दाढेवरचे चर कधीकधी इतके अरुंद असतात की ब्रशचा केससुद्धा आत शिरत नाही. बिस्किटाचा लगदा मात्र आरामात शिरतो. (सगळ्या शिव्या चॉकलेटला पडतात, दुधात बुडवलेलं बिस्किट साळसूद राहतं.) सीलंट म्हणजे हे चर बुजवणं. दाढ साफ करून त्यावर काही सेकंद फॉस्फोरिक आम्ल लावतात, धुऊन कोरडी करतात, चरांत पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा द्रव) सोडतात आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. ना इंजेक्शन, ना कोरणं. वार्निशमध्ये 5 टक्के सोडियम फ्लोराइड असतं. ते सगळ्या दातांवर फासायचं, दोनचार मिनिटांत मूल मोकळं. ते चर भरत नाही, दाताचं वरचं कवच कणखर करतं. दोन दातांमधल्या फटीत लागणाऱ्या किडीवर सीलंटचा काहीच उपयोग नाही, वार्निशचा थोडाफार होतो.

सीलंटची सगळी मदार कोरडेपणावर असते. मध्येच लाळ लागली की पकड जाते. म्हणून जे मूल दहा मिनिटं तोंड उघडं ठेवत नाही, किंवा ज्याची दाढ अजून अर्धी हिरडीखाली आहे, त्याच्यावर घाई करू नये. अशा वेळी काही डॉक्टर ग्लास आयनोमर (दातांचं एक सिमेंट) लावतात. ते ओलाव्यात निभावतं, पण लवकर निघतं.

मग जास्त गुणकारी काय? वेल्समध्ये 6-7 वर्षांच्या हजाराहून जास्त मुलांवर ही तुलना झाली. 2017 मध्ये निकाल आला: 3 वर्षांनी सीलंटवाल्या गटातल्या 19.6 टक्के मुलांच्या दाढा किडल्या, वार्निशवाल्यांत 17.5 टक्के. म्हणजे धरण्याजोगा फरक नाही, आणि वार्निश स्वस्त पडलं. पण तिथे फिरता दवाखाना शाळेच्या दारात यायचा आणि दर सहा महिन्यांनी वार्निश लागायचं. आपल्याकडे ते सहा महिने आईवडिलांनीच लक्षात ठेवायचे. तुमच्याकडून दुसऱ्याच खेपेला तारीख हुकणार असेल, तर माझं मत सीलंटकडे. तेही तपासून घ्यावं लागतं, तुकडा उडाला तर पुन्हा भरावं लागतं, पण एखादी खेप चुकली तरी ते जागेवर असतं. चर उथळ असतील आणि मूल चुळबुळं असेल, तर वार्निश. दोन्ही करायलाही हरकत नाही.

चंद्रपूर, यवतमाळकडे जमिनीतल्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड जास्त असतं, म्हणून तिकडच्या पालकांना फ्लोराइड म्हटलं की धास्ती वाटते, आणि ते साहजिक आहे. पण दातांवर डाग पडतात ते दात घडत असताना रोज पोटात गेलेल्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे. वार्निश वर्षातून दोनदा, दाताला चिकटून बसतं. तरी बोअरचं पाणी पीत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. बऱ्याच वार्निशांत राळ असते, तिची ॲलर्जी असेल तर तेही.

आज रात्री ब्रश करताना टॉर्च घेऊन बघा. पुढच्या दोन दातांच्या मधून मागे मोजत जा: सहावा दात दिसला, तर ती आली आहे.