डॉकरमधला कॅडी: लातुरात वर्षभर वापरल्यावर

एका कोचिंग क्लासची, मार्केट यार्डातल्या एका अडतीची आणि औशाच्या एका कृषी सेवा केंद्राची अशा तीन साईट मी एकाच भाड्याच्या सर्व्हरवर चालवतोय, सगळ्या डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) आणि पुढे कॅडी, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आधी भेटणारा वेब सर्व्हर. वर्ष होत आलं. एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या, मुदत संपणाऱ्या सर्टिफिकेटचा ताप पूर्ण गेला, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या जागी डॉकरच्या दोन-तीन खोड्या मात्र नशिबी आल्या.

आधी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर होता, शेजारी सर्टिफिकेट आणून देणारा सर्टबॉट. सर्टबॉट वाईट नाही. पण सर्टिफिकेट नवं आलं की एनजिनएक्सला रीलोड व्हायला कुणीतरी सांगावं लागतं, आणि माझ्याकडे आलेल्या त्या जुन्या सेटअपमध्ये नेमकी तीच कडी नव्हती. डिस्कवर फाइल नवी, चालू सर्व्हरच्या मेमरीत जुनी. नीटच्या निकालाच्या आठवड्यात सरांचा फोन आला, "अहो, साईट उघडना झालीय, पालकांना काहीतरी लाल दाखवायलंय." लातुरात त्या आठवड्यात क्लासची साईट बंद पडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कॅडीत ही कडीच नाही. वेब सर्व्हरही तोच, सर्टिफिकेट मागणारा आणि बदलणाराही तोच. कॅडीफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, डोमेनचं नाव, महिरपी कंस, आत रिव्हर्स प्रॉक्सीची (आलेली मागणी मागच्या कंटेनरकडे पाठवायची) एक ओळ आणि तिथं कंटेनरचं नाव व पोर्ट. बस. एचटीटीपीएस चालू करा असं कुठं लिहावं लागत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. त्यातला साधारण एक तृतीयांश काळ उरला की कॅडी स्वतःच नवं आणतो, रीस्टार्ट न करता. लेट्स एन्क्रिप्टकडून जमलं नाही तर झिरोएसएसएल या दुसऱ्या सर्टिफिकेट देणाऱ्याकडे वळतो. त्यासाठी कॅडीफाइलमध्ये आपला ई-मेल लिहून ठेवावा.

अडतीची साईट हलवताना मात्र अर्धा दिवस गेला. डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवलेलं, ८० आणि ४४३ पोर्ट उघडे, तरी लॉगमध्ये चॅलेंज (डोमेन आपलंच आहे का याची लेट्स एन्क्रिप्टची तपासणी) फेल. शेठ दर दहा मिनिटांनी विचारायचे, "सोयाबीनचा भाव टाकू का आता?" शेवटी डीएनएस, म्हणजे डोमेन कुठल्या पत्त्यावर आहे त्याच्या नोंदी, नीट उघडून बघितलं तर ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ चा पत्ता) नवा, पण जुन्या होस्टिंगचा आयपीव्ही६ चा रेकॉर्ड, म्हणजे चार ए वाला, तसाच पडून होता. लेट्स एन्क्रिप्ट दोन्ही पत्ते दिसले तर आधी आयपीव्ही६ वर जातं. तिथं जुना सर्व्हर जिवंत होता, त्यानं भलतंच उत्तर दिलं आणि विषय संपला. रेकॉर्ड उडवला, थोडं थांबलो, सर्टिफिकेट आलं. दोष कॅडीचा नव्हता, पण एवढ्या गुपचूप काम करणाऱ्या गोष्टीचं काही अडलं की माणूस आधी तिच्यावरच संशय घेतो.

आता डॉकरच्या खोड्या. पहिली, कॅडीफाइल. ती एकटी फाइल कंटेनरमध्ये माउंट केली (बाहेरून आत जोडली), बाहेर विम या एडिटरमध्ये बदलली आणि रीलोड दिलं, तरी काही फरक पडत नाही. कारण बरेच एडिटर सेव्ह करताना जुन्या फाइलमध्ये लिहीत नाहीत, त्याच नावाची नवी फाइल आणून ठेवतात. कंटेनर जुन्या फाइललाच धरून बसलेला असतो. उपाय सोपा: फाइल नको, तिचं अख्खं फोल्डर माउंट करा.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडू शकते. कॅडीच्या इमेजमध्ये (ज्यावरून कंटेनर बनतो तो तयार साचा) डेटा आणि कॉन्फिग अशा दोन जागा आहेत. सर्टिफिकेटं, त्यांच्या खाजगी चाव्या, अकाउंट, सगळं डेटामध्ये. ही जागा कॅशे समजून पुसायची नाही. कंपोज (सगळे कंटेनर एका फाइलवरून चालवणारं डॉकरचं साधन) डाऊन करताना हातासरशी व्हीचा पर्याय लावला की व्हॉल्यूमही (डेटाची ही जपून ठेवलेली जागा) जातो आणि पुढच्या वेळी कॅडी सगळी सर्टिफिकेटं नव्यानं मागतो. त्याच नावांच्या संचासाठी लेट्स एन्क्रिप्ट सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं देतं. प्रयोग करत बसलात तर सहाव्या वेळी हात हलवत परत. मी तो व्हॉल्यूम कंपोजमध्ये एक्स्टर्नल म्हणून लिहिलाय, म्हणजे कंपोज त्याला हात लावत नाही. प्रयोगासाठी लेट्स एन्क्रिप्टचा स्टेजिंग सर्व्हर वेगळा आहे, तो वापरा.

तिसरी खोडी सगळ्या डॉकरवाल्यांची: कंपोजमध्ये जो पोर्ट बाहेर काढाल तो यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम ओलांडून बाहेर दिसतो. म्हणून माझ्याकडे फक्त कॅडीचे पोर्ट बाहेर आहेत, ८०, ४४३ आणि एचटीटीपी/३ साठी ४४३ चा यूडीपी. डेटाबेसचा पोर्ट बाहेर काढायची गरजच नसते, कंटेनर आतल्या नेटवर्कवर नावानं एकमेकांना सापडतात. (एचटीटीपी/३ मुळे मोबाइलवर डोळ्यांना दिसेल असा फरक मला तरी जाणवला नाही.) लॉगच्या फाइलला आकाराची मर्यादाही स्वतःच घाला, डॉकर आपणहून घालत नाही.

घरी जुन्या पीसीवर हे करायचा विचार असेल तर आधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेकांना वाटून देते ती सोय) मागे आहात, बाहेरचं कुणी तुमच्या पोर्टपर्यंत पोचणार नाही. डीएनएस चॅलेंजनं (पोर्टऐवजी डीएनएसमधल्या नोंदीवरून होणारी तपासणी) सर्टिफिकेट मिळेल, पण पाहुणे येणार कसे? शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टर आधी पंख्याला लागतो. भाड्याचा सर्व्हरच बरा.

वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (एका डोमेनच्या सगळ्या उपनावांना चालणारं) हवं असेल तर डीएनएस चॅलेंजशिवाय गत्यंतर नाही, आणि नेहमीच्या इमेजमध्ये डीएनएस कंपन्यांचे मॉड्यूल नसतात. ते घालून इमेज स्वतः बनवावी लागते. फार अवघड नाही, पण मग प्रत्येक अपडेटला ते काम आपल्याच गळ्यात.

सगळं आपोआप होतंय म्हणून डोळे मिटून बसू नका. लेट्स एन्क्रिप्टनं मुदत संपत आल्याचे ई-मेल जून २०२५ पासून बंद केलेत. मी बाहेरून रोज तारीख तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट लावलीय, वीस दिवसांपेक्षा कमी उरले तर टेलिग्रामवर मेसेज. अजून तरी आलेला नाही. मुदतही आणखी आखडत चाललीय: एप्रिल २०२५ मध्ये सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या आणि ब्राउझरवाल्यांच्या सीए/ब्राउझर फोरमनं ठरवलंय की सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. सर्टिफिकेट विकत घेऊन हातानं चढवणाऱ्यांनी आत्ताच हा मार्ग धरलेला बरा.

घेऊ नये कुणी? ज्यांची साईट अपाचे या जुन्या वेब सर्व्हरच्या एचटीॲक्सेस (नियम लिहायच्या) फाइलींवर उभी आहे त्यांनी घाई करू नये. कॅडी त्या फाइली वाचत नाही, प्रत्येक नियम कॅडीफाइलमध्ये नव्यानं लिहावा लागतो. कृषी सेवा केंद्राच्या साईटसाठी मी चक्क पळवाट काढली: अपाचे तसंच कंटेनरमध्ये ठेवलं आणि पुढे कॅडी उभा केला.